ऑफिसातला ख्रिस्ती सहकारी रोज बायबलची वचनं पाठवतो पण उसने पैसे देत नाही, खरा ख्रिस्ती ओळखायचा तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की सहकाऱ्याने आठ हजार उसने घेतले त्याला वर्ष झालं, पैशाचं नाव काढत नाही, आणि रोज सकाळी साडेसहाला बायबलचं वचन मात्र न चुकता येतं, मागे सूर्योदयाचा फोटो. मग याची श्रद्धा खरी का खोटी, आणि बाहेरच्या माणसाने ते ओळखायचं कशावरून.

आधी माझं सांगतो. मी नगरचा (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), मिशन कंपाउंडात वाढलेला. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता, म्हणजे मी काही शोध लावून ख्रिस्ती झालो नाही, आडनावासारखं घरातनंच मिळालं. अकरा वर्षं आमच्या मंडळीचा खजिनदार होतो. मंडळी म्हणजे चर्चचे सभासद, आमच्यात असंच म्हणतात. खजिनदाराला माणसं जरा वेगळ्या बाजूने दिसतात, पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, लोक प्रार्थनेत रडताना दिसतात आणि मला पाकीट काढताना दिसायचे.

तर पहिली गोष्ट, तुम्ही प्रश्न विचारताना दोनदा माफी मागितलीय ती नको होती. हा प्रश्न आमच्याच पुस्तकात आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात येशू सांगतो की झाड फळावरून ओळखा, आणि लगेच पुढे म्हणतो की मला प्रभूजी प्रभूजी म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईल असं नाही. म्हणजे सकाळी साडेसहाच्या मेसेजचा निकाल दोन हजार वर्षांपूर्वीच लागलाय.

पण फळ म्हणजे काय यावर आमच्यातच गोंधळ आहे. कोणी म्हणतं मोठ्याने प्रार्थना, कोणी म्हणतं उपवास, दशांश (कमाईचा दहावा भाग देणं), प्रार्थनेत न शिकलेल्या अन्य भाषा बोलणं, आजारी माणसावर हात ठेवला की तो बरा होणं. बायबलमध्येच प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात यादीच दिलीय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ झाल्या. यात चमत्कार नाही, आवाज नाही, कपडे नाहीत, आणि यातलं एकही स्टेजवर माइक धरून दाखवता येत नाही, घरचे आणि शेजारीच सांगू शकतात.

तरी माझं मत विचाराल तर नुसत्या चांगुलपणावरूनही ख्रिस्ती माणूस ओळखू नका. चांगली माणसं सगळीकडे असतात. आमच्या शेजारचे अण्णा वारकरी, माळकरी, वडील आजारी होते तेव्हा रात्री दोन वाजता रिक्षा आणली, दवाखान्यात तीन रात्री बाकावर झोपले, आणि आमच्या मंडळीतले निम्मे लोक मेसेजवर हात जोडलेलं चिन्ह पाठवून मोकळे झाले होते. मग अण्णा ख्रिस्ती का? नाहीत, आणि असं म्हटलेलं त्यांना आवडणारही नाही. आमच्या धर्माचा दावा मुळात 'आम्ही चांगले' असा नाहीच, 'आम्ही पापी, आणि क्षमा मिळालेले' असा आहे. म्हणून मी बघतो ते एवढंच, की स्वतःचं चुकलं तेव्हा हा माणूस काय करतो. चुकलो म्हणतो का, आणि नुसतं देवापुढे म्हणून गप्प बसतो का ज्याचं नुकसान केलं त्याच्या दारात जातो.

आमच्या मंडळीत एक मामा होते, सगळे मामाच म्हणायचे. तरुणपणी कांदा मार्केटला मापाडी. तेव्हा काट्यात गोणीमागे किलो-अर्धा किलो खाली लिहायचं, आडत्या वरून वेगळे पैसे द्यायचा. आणि हे चालू असतानाही मामा दर रविवारी उपासनेला पुढच्या बाकावर. म्हातारपणी एका रविवारी शास्त्रपाठ वाचायची पाळी त्यांची आली, लूक एकोणीस, जक्कयाची गोष्ट. जक्कय म्हणजे जकातदारांचा मुखिया, बुटका, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढला होता. तो म्हणतो निम्मं धन गरिबांना देतो, आणि कुणाला फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. मामा त्या वचनाशी थांबले, पुढे वाचेनात, आम्हाला वाटलं चष्मा धुरकटला असेल, शेवटी पाळकसाहेबांनी पुढचं वाचलं.

पुढच्या आठवड्यात मामा माझ्याकडे वही घेऊन आले. तेवीस नावं होती, आठवतील तेवढी. म्हणाले चौपट द्यायची माझी ऐपत नाही, दुप्पट देतो, तू गाडीवरून ने. तीन शनिवार स्कूटरवर फिरलो आम्ही. एका वस्तीवर म्हातारा शेतकरी चाळीपाशी कांदे निवडत बसला होता. मामांनी लांबच चपला काढल्या, उन्हात तसेच उभे राहून म्हणाले, मी तुमचा काटा मारलाय. तो म्हणाला कधी? मामा म्हणाले ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली. म्हाताऱ्याने वर बघितलं, हातातला कांदा टोपलीत टाकला आणि सुनेला ओरडला, "चहा टाक गं, चोर पैसे द्यायला घरी आलाय!" मग नोटा मात्र दोनदा मोजून घेतल्या. दुसऱ्या घरी शेतकरी वारलेला होता, त्याच्या पोराने पैसे घेतले आणि विचारलं, व्याज? मामांनी सदऱ्याच्या खिशातली पन्नासची होती ती काढून दिली. तिसऱ्याने आईवरून शिव्या घातल्या, शेजारपाजारचे गोळा झाले, मामा हात जोडून सगळं ऐकत उभे. येताना रसवंतीवर थांबलो, तर ग्लास हातात धरून म्हणाले, एवढ्या शिव्या यायच्या राहिल्या होत्या बघ.

मी म्हटलं मामा रविवारी साक्ष द्या याची. (साक्ष म्हणजे देवाने माझ्यात काय केलं ते मंडळीपुढे सांगणं.) तर म्हणाले, "लोक टाळ्या वाजवतील, म्हणजे दिलेले पैसे मला परतच मिळाले की."

याच्या उलट पण बघितलंय. एका सभासदाने मंडळीला साउंड सिस्टिम दिली, दोन्ही स्पीकरवर पांढऱ्या रंगात नाव. त्यांच्या घरी भांडी घासायला जाणारी बाई आमच्याच मंडळीतली, तिचा दोन महिन्यांचा पगार त्यांच्याकडे थकलेला, आणि ती मागच्या बाकावर बसून त्याच स्पीकरमधून त्यांची प्रार्थना ऐकायची. हे मला माहीत होतं. तरी मी पावती फाडली आणि आभार मानणारं पत्रही लिहिलं, मंडळीला स्पीकर हवे होते ना. तेव्हा फळं बघताना माझ्या झाडाचंही बघा.

पंडिता रमाबाईंचं इथे सांगावंसं वाटतं, कारण त्यांनीही आधी वागणंच बघितलं होतं. 1883 साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या सिस्टर्सकडे (ख्रिस्ती जोगिणींकडे) होत्या, तिथून त्यांना लंडनमधल्या फुलहॅमच्या आश्रमात नेलं, समाज ज्यांना पतित म्हणून दारात उभं करत नाही अशा बायका तिथे सिस्टर्स सांभाळत होत्या. रमाबाईंनी आपल्याकडे शास्त्रं पाठ केलेली, कलकत्त्याला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरव झालेला, पण अशा बाईकडे दयेने बघणारं कोणी त्यांना भेटलं नव्हतं. हे का करता असं विचारल्यावर सिस्टर्सनी योहानाच्या चौथ्या अध्यायातली, येशू जिला कमी न लेखता बोलला त्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी बाप्तिस्मा झाला. पण खरी गंमत पुढे आहे, पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्या म्हणतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, त्याला आणखी आठेक वर्षं लागली! एवढ्या विदुषीने स्वतःबद्दल असं लिहिलं, मग आपण ऑफिसातल्या माणसाला एका वाक्यात खरा-खोटा कसं ठरवणार. आणि बाहेरच्यांना काय दिसलं, तर 1896-97 च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणते, केडगावला त्यांना घर देते, शिकवते, हाताला काम देते. त्यांचं मुक्ती मिशन अजून आहे तिथे, पुण्याकडून जाताना दौंडच्या अलीकडे, कधी गेलात तर बघा.

आपल्या मातीतली आणखी एक कसोटी आहे, ती म्हणजे जात. विषय निघाला की आमच्यातले बरेच जण खोकतात. येशूत सगळे एक असं गाणारे लोक मुलीचं स्थळ बघताना हळूच विचारतात, पूर्वाश्रमीचे कोण? तीन-चार पिढ्या झाल्या बाप्तिस्म्याला तरी विचारतात. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षांनी, आणि मधल्या काळात लक्ष्मीबाईंचं सोवळं कसं हळूहळू, रडतखडत सुटत गेलं ते त्यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात काहीही न लपवता लिहिलंय. मला ते भारी वाटतं, कारण एका रात्रीत बदलल्याचा आव नाही. पुढे त्याच घरात बालकवी ठोंबरे राहिले, आणि ते हिंदूच राहिले. स्वतः टिळकांनी 1917 ला मिशनचं काम सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. ('तोचि साधु ओळखावा' हा तुकोबांचा अभंग तुमच्या डोक्यात आला असेल ते कळलं, टिळक तर सांगायचेच की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.)

आता दुसरी बाजू, आपलं कोणी वाईट केलं तेव्हा काय. इथे मी जास्त बोलू शकत नाही. जानेवारी 1999 मध्ये ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा आणि सहा वर्षांची, गाडीत झोपलेली असताना जमावाने जाळून मारली. स्टेन्स बारीपद्याला कुष्ठरोग्यांमध्ये काम करायचे. त्यांची बायको ग्लॅडिस, तिने मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं, कायद्याने कायद्याचं काम करावं पण माझ्या मनात कडवटपणा नाही, असं. आणि मुख्य म्हणजे सामान बांधून लगेच ऑस्ट्रेलियाला गेली नाही, मुलीला घेऊन तिथेच राहून पुढची काही वर्षं कुष्ठरोग्यांचं तेच काम चालवलं. 2005 ला पद्मश्री मिळाली. टीव्हीवर एक वाक्य कोणीही बोलेल हो, पण दुसऱ्या दिवशी उठून त्याच रोग्यांच्या जखमा बांधायच्या म्हणजे काय ते मला झेपत नाही.

कारण मी सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोललो नाही. वडिलांच्या दीड गुंठ्यावरून. आणि त्या सहा वर्षांत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी) घेत होतो, भाकर द्राक्षरस सगळं, आणि मत्तय पाचमधलं वचन मला पाठ होतं की वेदीवर दान ठेवताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. पाठ होतं म्हणून काय झालं. शेवटी मामा वारले तेव्हा कबरस्तानात भाऊ शेजारी उभा राहिला, मी विचारलं, जेवायला येतोस का. आला. दीड गुंठ्याचं अजून मिटलेलं नाही, पण नाताळला करंज्यांचा डबा जातो-येतो.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की तुमच्या सहकाऱ्याची श्रद्धा खरी का खोटी हे मला इथून सांगता येणार नाही, आणि त्याने अजून पैसे दिले नाहीत एवढ्यावरून तुम्हालाही नाही. अडचणीत असेल, लाजत असेल, किंवा खरंच बुडवायचे असतील. पण तुम्ही त्याला अजून स्पष्ट मागितलेच नाहीत असं तुमच्याच प्रश्नात लिहिलंय. तर मागा. वचनाखाली टोमणा मारू नका, धर्मावर वाद घालू नका, 'तुमच्यात असं चालतं का' हे तर अजिबात नको, नाहीतर तो पैशाचं सोडून धर्माचा वकील होईल. कँटीनमध्ये समोर बसवून म्हणा, आठ हजार राहिलेत, मला लागतायत, कधी देतोस? मग त्याचा चेहरा बघा. चुकलं म्हणून महिन्याला हजार-हजार ठरवून द्यायला लागला तर माझ्या हिशोबात तो मामांच्या जातकुळीतला. आणि 'देव तुला कुठूनतरी देईल, मी प्रार्थना करतो' असं म्हणाला तर बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्याला पाठवा, सकाळी साडेसहाला. त्यात उपाशी माणसाला खायला न देता नुसतं 'सुखी राहा, पोटभर जेव' म्हणणाऱ्यांची चांगली काढलीय.

फक्त रविवारी मागू नका, त्या दिवशी आम्ही सगळेच फार चांगले असतो. काय झालं ते इथे कळवा.