पातळ कवचाची जाडी सॉफ्टवेअर सांगेल तितकी उतरवावी का?

तुमचा प्रश्न असा: पातळ पत्र्याच्या उभ्या सिलिंडरवर ऑप्टिमायझेशन (सर्वांत हलकं डिझाइन शोधणारं सॉफ्टवेअर) चालवलं, ताण मर्यादेच्या बराच खाली आहे, मग जाडी अजून का उतरवू नये?

कारण असं कवच ताणाने तुटायच्या आधी बकल होतं, म्हणजे दाबाखाली अचानक दुमडतं. कोल्ड्रिंकचा रिकामा ॲल्युमिनियमचा कॅन घ्या. भिंत जेमतेम 0.1 मिमी. कुठेही पोचा नसेल, तर त्यावर एका पायाने सावकाश उभं राहता येतं. आता कुणाला तरी पेन्सिलीने बाजूला हलकेच टोचायला सांगा. कॅन क्षणात चपटा होतो. धातू तोच, जाडी तीच, वजनही तेच!

निर्दोष सिलिंडर उभ्या दाबाखाली किती भार पेलेल, हे जाडीच्या वर्गावर ठरतं. जाडी अर्धी केली की ताकद चौथाई. त्यात प्रत्यक्षातला पत्रा कधीच निर्दोष नसतो. नासाच्या 1960च्या दशकातल्या नियमाने त्रिज्या जाडीच्या 500 पट असेल, तर सैद्धांतिक भाराचा साधारण एक तृतीयांशच धरायचा. डच अभियंता कॉइटर यांनी 1945 साली डेल्फ्ट विद्यापीठातल्या प्रबंधात याचं मूळ दाखवलं: आकारातला किरकोळ दोषसुद्धा हा भार खूप खाली आणतो.

आणि इथेच ऑप्टिमायझर गोत्यात आणतो. रिब (ताठपणासाठीच्या पट्ट्या) लावलेल्या कवचात तो धातू इतका नेमका वाटतो, की अख्खं सिलिंडर दुमडणं आणि दोन रिबांमधला पत्रा फुगणं एकाच भाराला येऊन ठेपतं. आकडेमोडीत हाच सर्वांत हलका पर्याय. पण दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळले, की छोटासा पोचाही फार महागात पडतो. मी असं डिझाइन पुढे पाठवत नाही. दोन्ही भारांमध्ये अंतर राहील अशी अट आधीच घालतो, मग पहिल्या बकलिंग मोडचा (कवच सर्वांत आधी ज्या आकारात दुमडतं त्याचा) आकार जाडीच्या काही टक्के इतका दोष म्हणून मॉडेलमध्ये घालून नॉनलिनिअर रन घेतो, म्हणजे आकार बदलत जाईल तसा भार पुन्हा मोजणारी आकडेमोड.

वजन खरोखर उतरतं ते आकारातून. पन्हळी पत्रा आठवा: सपाट पत्रा लोंबेल तिथे तो ताठ राहतो. वजन उतरवायची दुसरी जागा म्हणजे दोष प्रत्यक्ष मोजणं, म्हणजे अंदाजाने जास्त कपात करावी लागत नाही. नासाने 2011 साली अमेरिकेतल्या हंट्सविलमध्ये 8.4 मीटर व्यासाचं रॉकेटच्या टाकीचं नळकांडं मुद्दाम दाबून चिरडलं, ते जुना नियम गरजेपेक्षा किती कडक आहे हे तपासायलाच. तो थोडा जरी सैल करता आला, तरी रॉकेटचं वजन घटतं.

तुमच्या सिलिंडरची त्रिज्या, जाडी आणि वेल्ड कुठे आहेत ते लिहा. वेल्डजवळ पत्रा आत ओढला जातो, म्हणून मी आधी तिथेच बघेन.