मनातले प्रश्न : धुऱ्यावरची रेंज

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वय २५ असून आर्वी तालुक्यातील आमच्या गावी मी वडिलांसोबत सहा एकर वावर पाहतो. मामेबहिणीच्या लग्नात ओळख झालेली एक मुलगी नागपूरला नर्सिंग शिकते. आमचे समोरासमोर बोलणे तीनदाच झाले. पोळ्याच्या सुमारास मी पाठवलेल्या लांबलचक संदेशाला तिने ‘छान लिहिता तुम्ही’ असे उत्तर दिले आणि पुढचे अकरा दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी पिवळसर असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते, हे लहानपणापासून माहीत असूनही मी ते त्या दिवसांत पहिल्यांदा थांबून पाहिले. आता तिचे उत्तर चार-पाच दिवसांनी येते, तेही एका शब्दाचे. आमच्या घरात रेंज नाही, ती धुऱ्यावरच्या पळसाखाली मिळते. त्यामुळे फवारणीचा पंप पाठीवर असतानाही मी घडोघडी तिथे जाऊन फोन पाहतो. जेवण जात नाही, झोप लागत नाही. हे प्रेम आहे की आजार? होस्टेलवर जाऊन एकदाचे विचारून टाकू का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : आधी फवारणीचे बोलू, कारण तुमच्या पत्रातील त्याच ओळीने मला सर्वाधिक काळजी वाटली. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे तुम्हाला मी सांगायला नको. औषधाच्या हाताने फोन खिशातून काढणे आणि तोच फोन कानाला लावणे आजपासून बंद करा.

आता तुमचा प्रश्न. डोरोथी टेनॉव या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीने प्रेमात पडलेल्या अनेकांशी बोलून या अवस्थेला ‘लिमरन्स’ असे नाव दिले आणि १९७९ साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. मनात सतत एकच व्यक्ती असणे, तिच्या लहानशा शब्दाने आभाळ ठेंगणे होणे आणि तिच्या गप्प बसण्याने छातीत दुखल्यासारखे वाटणे, ही त्यांनी नोंदवलेली लक्षणे तुमच्या पत्रात जशीच्या तशी आहेत. १९९९ साली इटलीतील पिसा येथे नव्याने प्रेमात पडलेल्या वीस जणांचे रक्त तपासले गेले, तेव्हा सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाशी संबंधित एका घटकाचे प्रमाण त्यांच्यात मंत्रचळाच्या, म्हणजे तोच विचार वा तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, रुग्णांइतकेच कमी आढळले. वर्ष-दीड वर्षाने त्यांच्यापैकी काहींची पुन्हा तपासणी केली असता ते पूर्ववत झालेले होते. अभ्यास लहान होता, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. तरी तुम्ही वेडे झालेला नाही, एवढा दिलासा त्यातून घ्यायला हरकत नाही.

टेनॉव यांचे आणखी एक निरीक्षण तुमच्या कामाचे आहे. ही ओढ आशा आणि अनिश्चितता यांच्या जोडीवर जगते. स्पष्ट होकार मिळाला तरी ती निवळू लागते आणि स्पष्ट नकार मिळाला तरी काही काळाने ओसरते. तुमचा जीव जातो आहे तो मधल्या अवस्थेत. ‘छान लिहिता तुम्ही’ हे वाक्य तुमच्या अक्षरांविषयी होते की तुमच्याविषयी, हे ठरवण्यात तुम्ही दोन महिने घालवले आहेत. ते अकरा दिवस मात्र खोटे नव्हते. फूल थांबून पाहायला लावणारा आनंद पुढे काहीही झाले तरी तुमचाच राहील.

एक गोष्ट थोडी कठोर वाटेल. तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे (येथे ते संक्षेपाने दिले आहे), आणि त्या चार पानांत त्या मुलीला काय आवडते, तिची ड्युटी कशी असते, शिक्षणानंतर तिचा काय विचार आहे, यावर एकही ओळ नाही. तीन भेटींत कळणार तरी किती! पण ज्या मुलीसाठी तुम्ही झुरता आहात, तिचा बराचसा भाग तुम्ही पळसाखाली उभे राहून स्वतःच घडवला आहे, हे ध्यानात घ्या.

होस्टेलवर अजिबात जाऊ नका. फाटकापाशी उभ्या असलेल्या मुलाची बातमी संध्याकाळच्या एसटीने तिच्या गावी पोहोचते आणि कित्येक घरांत तेवढ्यावरून मुलीचे शिक्षण थांबवले जाते. तुमच्या जिवाच्या तगमगीची किंमत तिने मोजू नये. मामेबहिणीलाही मध्ये घालू नका. तुमच्या नदीपलीकडच्या कौंडण्यपूरच्या रुक्मिणीने निरोप धाडला, तेव्हा तिने मनातले आडपडदा न ठेवता सांगितले होते. तुम्हीही चार ओळींत लिहा की, तुम्ही मला आवडता, पुढे ओळख वाढवावी अशी माझी इच्छा आहे, तुमच्या मनात तसे नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी पुन्हा त्रास देणार नाही. त्यात कविता नको. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर ते ‘नाही’ समजा आणि शेवटच्या वाक्यातला शब्द पाळा.

नकार आल्यास दुखेल, आणि ते दुखणे लपवण्यासारखे नाही. जवळच्या मित्राला सांगा, आई विचारते तेव्हा ‘काही नाही’ म्हणून उठून जाऊ नका. जगणे नकोसे वाटू लागले, तर शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर लगेच बोला. तेथे मराठीतही बोलता येते.

संदेश फवारणीच्या दिवशी पाठवू नका. संध्याकाळी हातपाय धुऊन धुऱ्यावर जा, पाठवा आणि घरी या. तुमच्या घरात रेंज नसते, हे त्या एका रात्रीपुरते बरेच आहे.