हौस जरूर करा, पण ती घरकर्जावर चढवू नका

लातूरहून एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवले आहे. वय ४४ वर्षे, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक, हातात येणारा पगार महिना ८२ हजार. घरी पत्नी, दहावीतील मुलगी आणि गावाकडे आईवडील. पत्राचा निम्मा भाग संगीत ऐकण्याच्या छंदाविषयी असून त्यातील मते ठाम आहेत. लोक दर दोन वर्षांनी फोन बदलतात, वरातीतल्या डीजेवर एका रात्रीत हजारो रुपये घालवतात, मात्र ज्या गायकाने आयुष्यभर साधना केली त्याचे गाणे भांडी घासता घासता किंवा गाडी चालवता चालवता फोनवर ऐकतात, याची त्यांना खंत आहे. आपल्याला व्यसन नाही, नवी गाडी नको, परदेशवारी नको. रविवारी सकाळी दार लावून तासभर एकाच रागात बसता यावे, एवढेच हवे, असे ते लिहितात. त्यासाठी ४ लाख २० हजारांची यादी तयार आहे : उभे मोठे स्पीकर १ लाख ९० हजार, ॲम्प्लिफायर १ लाख ३० हजार, इंटरनेटवरून गाणी घेणारा स्ट्रीमर आणि डिजिटल संकेतांचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या संकेतांत रूपांतर करणारा डॅक ७५ हजार, केबल वगैरे २५ हजार. पैशांसाठी त्यांनी तीन मार्ग सुचवले आहेत. बँकेतील ५ लाखांची मुदत ठेव मोडायची, दुकानदाराच्या १८ महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांच्या, योजनेत वस्तू घ्यायच्या, किंवा घरकर्जावर टॉप-अप कर्ज, म्हणजे त्याच घराच्या तारणावर वाढीव कर्ज काढायचे. यातले कोणते बरे, असा त्यांचा प्रश्न आहे.

आधी छंदाविषयी लिहितो, कारण तुमच्या पत्रात तो सिद्ध करण्याची धडपड दिसते आणि तिची गरज नाही. एका जागी बसून, दुसरे काहीही न करता, तासभर ऐकणे ही आजच्या दिवसांत दुर्मीळ गोष्ट आहे आणि तिच्यावर पैसे खर्च करणे मला मुळीच उधळपट्टी वाटत नाही. घरखर्चाच्या कागदावर किराणा, औषधे आणि शिकवणी यांच्याखाली ‘हौस’ अशी एक ओळ असलीच पाहिजे, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. ती ओळ जिथे नसते तिथेही हौसेचा खर्च होतोच, फक्त तो चोरून किंवा कर्ज काढून होतो.

तुमच्या एका युक्तिवादाशी मात्र मी सहमत नाही. मी गाडी घेतली नाही, सहलीला गेलो नाही, फोन बदलला नाही, तेव्हा तेवढ्या रकमेवर माझा हक्क आहे, असा तुमच्या पत्राचा सूर आहे. न केलेला खर्च शिल्लक म्हणून खात्यात दिसत असेल तरच तो तुमचा. तुमच्या आकड्यांत तो तेवढा दिसत नाही. घरकर्जाचा हप्ता २१ हजार, घरखर्च २६ हजार, आईवडिलांची औषधे व गावाकडचा खर्च ८ हजार, मुलीची शाळा आणि शिकवण्या ९ हजार, एसआयपी ६ हजार, विम्याची जुनी पॉलिसी अडीच हजार. एकूण ७२,५००. दरमहा उरतात ९,५०० रुपये, आणि पुढचा सगळा हिशेब याच रकमेत बसवायचा आहे.

‘नो कॉस्ट ईएमआय’चा मार्ग इथेच बंद होतो. ४ लाख २० हजारांचा १८ महिन्यांचा हप्ता २३ हजारांच्या पुढे जातो. कमी पडेल ते सोयाबीनच्या पैशातून भरू, असे तुम्ही लिहिले आहे. पण सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या उभ्या पिकांचे काय झाले आणि लातूरच्या बाजारात सोयाबीनचे भाव हमीभावाच्या खाली कसे रेंगाळले, हे तुम्हाला मी सांगायला नको. दर महिन्याला ठरल्या तारखेला जाणारा हप्ता वर्षातून एकदा, तेही बेभरवशाने येणाऱ्या पिकावर बांधू नये. शिवाय ही योजना फुकट नसते. शून्य टक्के व्याज असे काही नसते, ही भूमिका रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच घेतली होती. व्याजाचा दर १५ टक्के धरला तर अशा व्यवहारात सुमारे ४६ हजार व्याज आतच दडलेले असते. दुकानदार तेवढी सूट दिल्याचे दाखवतो, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे आठ हजारांहून अधिक रक्कम, तुमच्याच क्रेडिट कार्डावर पडते आणि रोखीने घेतल्यास मिळाली असती ती सूट हातची जाते ती वेगळीच.

टॉप-अप कर्जाचा मोह मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो तुमच्या महिन्याच्या हिशेबात सहज बसतो. ९ टक्के दराने १० वर्षांसाठी हीच रक्कम घेतली तर हप्ता ५,३२० रुपयांच्या आसपास येतो आणि ९,५०० मधून तो भरणे अगदी सोपे वाटते. पण १० वर्षांत तुम्ही ६ लाख ३८ हजार भरलेले असतील, म्हणजे जवळपास २ लाख १८ हजार नुसते व्याज. हे कर्ज कोणत्या वस्तूसाठी चालले आहे, तेही पाहा. चांगल्या स्पीकरचे आयुष्य मोठे असते, हे खरे. स्ट्रीमरचे तसे नाही. तो एक छोटा संगणकच असतो. त्याच्या कंपनीने ॲप अद्ययावत करणे थांबवले की पेटी सुस्थितीत असूनही निरुपयोगी होते, आणि हे पाच-सहा वर्षांतही घडू शकते. पेटी बंद पडून कपाटात गेल्यावरही तिचे हप्ते फिटत राहतील. त्याच काळात मुलीचे उच्च शिक्षण सुरू होणार आहे आणि त्या वेळी बँकेकडे जाण्याची गरज खरोखरीच पडू शकते. घरावरची उधार घेण्याची क्षमता त्या दिवसासाठी राखून ठेवा.

उरली मुदत ठेव. तीन वर्षांची ठेव, दर ७ टक्के, २२ महिने झाले आहेत. मुदतीआधी मोडल्यास बँक सामान्यतः जेवढे महिने झाले त्या मुदतीचा दर लावते आणि त्यातून दंड म्हणून अर्धा ते एक टक्का वजा करते. तुमच्या बाबतीत हे नुकसान अकरा-बारा हजारांच्या घरात जाईल. ते सोसता आले असते. सोसता न येणारी गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे : महाविद्यालयाचे पगार मागे एकदा तीन महिने रखडले होते. ज्याचा पगार असा रखडू शकतो त्याने सहा महिन्यांच्या खर्चावर समाधान मानू नये, आठ महिने धरावेत. तुमचा टाळता न येणारा खर्च महिना ६४ हजार आहे, तेव्हा ५ लाख १२ हजार रुपये हात न लावता बाजूला असले पाहिजेत. म्हणजे ही ठेव तुमच्या घराचा आधार आहे. १४ महिन्यांनी ती सुमारे ६ लाख १५ हजार होऊन येईल, तेव्हा व्याजावरचा कर लक्षात घेऊनही त्यातले ७० हजार छंदासाठी काढायला माझी हरकत नाही.

तुमच्या यादीपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती वडिलांनी साठवलेल्या ३ लाखांची. ही रक्कम १२ टक्क्यांच्या आशेने एका मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्थेत आहे आणि ठेव डिसेंबरमध्ये संपते, एवढाच उल्लेख तुम्ही एका ओळीत केला आहे. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे आणि ते सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेला, मग ती मल्टिस्टेट असो वा नसो, ते लागू नाही. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात किती ठेवीदार कुलूप लागलेल्या शाखांसमोर उभे राहिले, हे आपण पाहिले आहे; त्यांतल्या अनेकांना असाच चढा दर मिळत होता. मुलीच्या अकरावी-बारावीतील, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या शिकवणीला, महिन्याच्या खर्चाखेरीज, दोन वर्षांत २ लाख ६० हजार लागतील असा तुमचाच अंदाज आहे. ती रक्कम याच ठेवीतून यायची आहे. म्हणून ठेवीचे नूतनीकरण करू नका. पैसे बँकेत किंवा टपाल खात्यात आणा, आणि ते प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत छंदासाठी एक रुपयाही काढू नका.

दुसरी उणीव विम्याची आहे. घरकर्ज १४ लाख बाकी आहे आणि जुन्या पॉलिसीतून कुटुंबाला जेमतेम ५ लाख मिळतील. मुदतीचा विमा, म्हणजे टर्म प्लॅन, या महिन्यातच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, हा तुमचा फायदाच आहे. हप्ता प्रकृती आणि मुदतीनुसार ठरेल. मी महिना अडीच हजार धरले आहेत. उरलेल्या ७ हजारांपैकी ६ हजारांचे १४ महिन्यांचे आवर्ती खाते उघडा. साडेसहा टक्क्यांच्या आसपास दर मिळाला तर त्याचे सुमारे ८७ हजार होतील आणि ठेवीतले ७० हजार धरून तुमच्याकडे १ लाख ५७ हजार जमतील. हीच तुमची मर्यादा.

ही रक्कम पाहून तुमची निराशा होईल, म्हणून यादीकडे वळतो. एवढ्या पैशांत तुमच्या खोलीत जे ऐकू येईल ते ४ लाख २० हजारांच्या संचाहून कमी असेलच, असे मला वाटत नाही. तुमच्याकडचा ४० वॉटचा जुना ॲम्प्लिफायर उत्तम चालतो, असे तुम्हीच लिहिले आहे. १ लाख ३० हजारांचा नवा १०० वॉटचा आहे. वॉट अडीचपट झाले तरी आवाज वाढतो फक्त ४ डेसिबलने, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. ८७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देतो. घरातल्या बोलण्याचा आवाज ६० च्या आसपास असतो. रविवारी सकाळी तुम्ही जे ऐकता त्याला बहुतेक वेळ एक-दोन वॉट पुरतात. हा खर्च मी सरळ खोडला आहे. जुन्या यंत्रातले कपॅसिटर आणि बटणे एखाद्या जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या.

स्पीकरचा निर्णय खोलीने करायचा आहे. दहा बाय बारा फुटांची खोली, वर दहा फुटांवर सिमेंटचा स्लॅब, खाली फरशी. दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ हर्ट्झचा आणि बारा फुटांत सुमारे ४७ हर्ट्झचा स्वर घुमतो. तुमच्या खोलीची रुंदी आणि उंची सारखीच असल्याने ५६ च्या जवळचा खर्ज दुप्पट जोराने साठेल. मोठे उभे स्पीकर नेमका तोच खर्ज भरपूर देतात. अशा खोलीत ते आणले की पखवाजाची थाप सुटी ऐकू येण्याऐवजी नुसती घूं घूं ऐकू येते, आणि मग माणूस दोष केबलमध्ये शोधू लागतो व आणखी पैसे घालतो. ८०-९० हजारांतले चांगले बुकशेल्फ, म्हणजे आकाराने छोटे, स्पीकर घ्या. त्यांचे लोखंडी स्टँड एखाद्या फॅब्रिकेटरकडून बनवून घ्या आणि नळीत कोरडी वाळू भरा. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ठेवा आणि स्वतःची खुर्ची पाठीमागच्या भिंतीला टेकवू नका. पुस्तकांचे कपाट, जाड गाद्या आणि गोधड्या त्याच खोलीत असू द्या. आधी पुण्याला किंवा हैदराबादला जाऊन, तुम्हाला तोंडपाठ असलेले एखादे ध्वनिमुद्रण सोबत नेऊन, ऐकून या. आणि भारतातील अधिकृत वितरकाचे जीएसटी बिल मिळणार नसेल तर कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका.

स्ट्रीमरऐवजी घरातला जुना लॅपटॉप आणि दहा-बारा हजारांचा डॅक पुरे. १९८२ साली आलेल्या सीडीची ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटची मोजणी २० किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर टिपते, आणि चाळिशी ओलांडलेल्या कानांना तेवढे वरचे स्वर क्वचितच ऐकू येतात. केबलसाठी ठेवलेले २५ हजारही वाचवा आणि त्यातले थोडे अर्थिंगवर घाला. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि संचात घरघर सुरू होते. चांगल्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आणि मे-जूनच्या वळवाच्या पावसात प्लग काढून ठेवणे याने तुमच्या यंत्रांचे जेवढे रक्षण होईल तेवढे कोणत्याही महागड्या केबलने होणार नाही.

एक अट माझी म्हणून पाळा. या छंदात पहिल्या खरेदीपेक्षा तिसरी-चौथी खरेदी महाग पडते, कारण दर सहा महिन्यांनी काहीतरी बदलावेसे वाटत राहते; दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्यांवर तुम्ही जी टीका केली आहे, ती तेव्हा तुम्हालाही लागू होईल. म्हणून ही खरेदी झाल्यावर महिना दीड हजाराहून अधिक रक्कम या ओळीत टाकू नका, आणि तेवढीच ओळ पत्नीच्या नावाने, त्यांना जे हवे त्यासाठी, कागदावर लिहा. ‘तुमची हौस आहे, करा’ असे त्या म्हणाल्या, हे तुम्ही लिहिले आहे. त्यांना काय हवे आहे, हे पत्रात कुठे आले नाही.

टर्म विम्याचा अर्ज आणि आवर्ती खाते या महिन्यात होऊ द्या. पतसंस्थेला ठेव परत हवी असल्याचे पत्र आताच लेखी द्या, पोच घ्या, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी तारीख पुढे ढकलली किंवा थोडी रक्कम घ्या व बाकी पुन्हा ठेवा असे सुचवले, तर सही करण्याआधी मला कळवा.