पहिल्या डॉक्टरला जरा वेळ दे

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानमालिका तू नव्या भागांपासून बघायला लागलास, छान झालं. आता पहिला डॉक्टर साकारणाऱ्या विल्यम हार्टनेलकडे वळतोयस तर एक ऐक: एका बैठकीत सगळी गोष्ट उरकू नकोस. १९६३ साली आठवड्याला पंचवीसेक मिनिटांचा एकच भाग लागायचा. तू रोज एक बघ.

सुरुवातीला हा म्हातारा खडूस वाटेल, थोडा लबाडही. वाटू दे. तो हळूहळू विरघळत जातो, तीच तर गंमत. 'द ॲझ्टेक्स' ही गोष्ट आधी घे. तिथे हे डॉक्टर आजोबा एका बाईंना कोको करून देतात आणि त्यांच्या नकळत लग्नच ठरतं! ते कळतं तेव्हा हार्टनेलचा चेहरा बघ. मग 'द डालेक इन्व्हेजन ऑफ अर्थ'मधला नातीचा निरोप. (मी अजूनही तो एकटाच बघतो.)

हार्टनेलची वाक्यं अडखळतात म्हणून हसू नकोस. तेव्हा टेप कापून जोडणं महाग, त्यामुळे चित्रीकरण जवळजवळ सलग चालायचं. चूक झाली तरी पुढे जायचं. शिवाय 'आजोबा' झाला तेव्हा तो जेमतेम ५५ वर्षांचा होता, डोक्यावर पांढरा टोप. त्याआधी पडद्यावर करडे सार्जंट आणि गुंड रंगवण्यात त्याची हयात गेलेली. 'कॅरी ऑन सार्जंट' हा सिनेमा बघितलास तर हाच का तो, असं होईल.

१९६६चा 'द टेन्थ प्लॅनेट' शेवटी ठेव. त्याचा चौथा भाग हरवलाय. डॉक्टरचा चेहरा बदलून नवा नट येतो, तो तुकडा मात्र वाचलाय.