इंदूरमध्ये जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान चालेल का? लोक नुसते ऐकत बसले तर धंदा बुडेल का?

चालेल. पण प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावरून आमच्या घरात आजही वाजतं, म्हणून लिहितोय.

राजवाड्यामागच्या एका गल्लीत आमच्या काकांचं दुकान होतं. आत एक लाकडी बाक आणि कोपऱ्यात एचएमव्हीचा फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर. संध्याकाळी शास्त्रीय गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग लागायचा. १९६० ची ती एलपी, म्हणजे लाँग प्ले रेकॉर्ड, पलटली की दरबारी राग. खाँसाहेब इंदूरचे, त्यामुळे बाकावरचा प्रत्येक जण स्वतःला त्यांच्या घरातलाच समजायचा. बँक सुटल्यावर परस्पर येणारे एक गृहस्थ डोळे मिटून मांडीवर झुमरा तालाच्या चौदा मात्रा धरायचे. मध्येच कुणी भाव विचारला, तर तो हात चालूच ठेवून दुसऱ्या हाताने ‘थांबा’ म्हणायचे, आणि गिऱ्हाईक थांबायचंही! सुई उचलली की भांडण सुरू. खाँसाहेबांच्या गाण्यावर जुन्या गवयांपैकी कुणाची छाप जास्त, वहीद खाँ किती, देवासचे रजब अली किती, अमान अली किती. मोबाइलवर पुढचं गाणं आपोआप लागतं, भांडायला फटच राहत नाही.

काका थकले आणि गल्ल्यावर दादा बसला, म्हणजे माझा चुलतभाऊ. ‘हे दुकान आहे, चावडी नाही,’ म्हणत त्याने बाक काढला आणि तिथे मोबाइल कव्हरांचा स्टँड लावला. बसणारे फारसं काही घेत नाहीत, हा त्याचा हिशोब. घेत नसत, हे खरंच. पण जुन्या रेकॉर्डला गिऱ्हाईक मिळतं हो, माल मिळत नाही. आणि माल त्या बाकावरूनच यायचा. ‘रामबागेत वाडा पाडतायत, माळ्यावर पेट्या आहेत, रद्दीवाल्याच्या आधी पोच.’ बाक गेला, बातम्या बंद झाल्या, पेट्या किलोच्या भावाने गेल्या. दादा अजून म्हणतो, मोबाइलने दुकान खाल्लं. मग ते बाक गेल्यावरच रिकामं का पडलं, यावर त्याच्याकडे उत्तर नाही.

तर बाक ठेवा. चहा मात्र दुकानातून सांगू नका, मग कुणी उठत नाही. माल घेताना रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरा. बुरशी बऱ्याचदा धुऊन निघते, चरा निघत नाही. कव्हर चकचकीत आहे म्हणून भाव वाढवून देऊ नका. शास्त्रीय संगीताच्या मोहात पडून सिनेमाच्या रेकॉर्ड्स नाकारू नका, वीजबिल त्याच भरतात.

हां, एक राहिलं. काकांची जागा घरची होती. तुम्हाला भाडं भरायचं असेल, तर वरचं सगळं अर्ध्या भरवशाने घ्या आणि नोकरी सोडू नका. शिवाय बाकावरचा कुणीतरी आजोबांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्या हमखास घेऊन येईल. त्यांना जाड टोकाची वेगळी सुई लागते. ती आधीच आणून ठेवा, एलपीची सुई त्यांच्यावर ठेवू देऊ नका.