अंगदुखी, नॉर्मल रिपोर्ट आणि मिस्टरांची चिडचिड

ताई, तुम्ही लिहिलंय की सहा महिने अंग दुखतंय, सकाळी उठवत नाही, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ सगळं नॉर्मल. मिस्टरांची पाठ धरते, चिडचिड वाढलीय, रात्रीचं घेणं रोजचं झालंय. दोन वेगळी दुखणी म्हणून विचारलंय, पण दोन्हींमागे डिप्रेशन असू शकतं. मी डॉक्टर नाही, निदान करत नाहीये. हा घोळ मात्र चांगलाच ओळखीचा आहे.

सगळ्यात महागात पडतं ते "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही" हे ऐकून घरी येणं. एक दवाखाना माहीत आहे, नाव घेत नाही. तिथे अशा बाईच्या केसपेपरवर 'जनरल वीकनेस' लिहितात, लाल इंजेक्शन टोचतात, कॅल्शियमची पट्टी हातात देतात आणि आठ दिवसांनी परत बोलावतात. झोप पहाटे मोडते का, रडू येतं का, कशात मन लागतं का, एक प्रश्न नाही. बायकांची वर्षं अशी वाया जातात, याचा मला मनापासून संताप येतो. डिप्रेशनमधलं अंगदुखणं खरं असतं. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी पांढरं जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला, तेव्हा तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी जास्त दिसला. तरीही अँटिबायोटिकचे कोर्स चालूच असतात.

तपासण्या नकोत असं नाही. आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, त्यामुळे एकदा नीट करायच्याच. त्याच त्याच पुन्हा करत बसू नका.

डिप्रेशनमध्ये बायकांत थकवा, अंगदुखी, डोकेदुखी, भूक-झोपेचे बदल जास्त दिसतात. पुरुष उदास आहे असं सहसा म्हणतच नाही. राग, दारू, बेफाम गाडी चालवणं, पाठ, पोट, छातीत दडपण असं बाहेर पडतं. शिवाय डिप्रेशन तपासायच्या पीएचक्यू-९ या नेहमीच्या प्रश्नावलीत चिडचिडीचा आणि दारूचा प्रश्नच नाही. तुमचा स्कोअर १० च्या वर गेला आणि त्यांचा ६ वर थांबला, तर ते बरे आहेत असं धरू नका. २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्या दर १० जणांत ७ पुरुष होते. (सगळे बाईपुरुष या साच्यात बसत नाहीत, हेही खरं.)

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहा: जाग किती वाजता आली, दुखणं कधी वाढलं, जेवण किती, पाळीची तारीख. त्यांच्यासाठी रोजचे पेगही. त्रास फक्त पाळीच्या आधीच्या आठवड्यात होऊन नंतर पूर्ण जात असेल, तर उपचाराची दिशा बदलते. आणि सुरुवात "अंग दुखतं"ने करू नका, कागदावर तेवढंच उतरतं. आधी झोप आणि मन, मग अंग.

डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या तर पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होते आणि फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. बरेच जण नेमके याच मधल्या काळात सोडतात. पुरुष लैंगिक तक्रारीमुळे गुपचूप बंद करतात; डॉक्टरांना सांगितलं तर डोस किंवा गोळी बदलता येते. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात, आणि बंद करताना हळूहळू.

मिस्टरांना घरातली झोपेची गोळी अजिबात देऊ नका, दारूवर ती श्वास मंदावते. रोज बरीच घेत असतील तर एकदम सोडायलाही लावू नका. हात थरथरणं, फिट येणं असं होऊ शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. ते मानसोपचारतज्ज्ञांकडे यायला तयार नसतील तर पाठदुखीसाठी म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे न्या आणि वही आधी डॉक्टरांच्या हातात द्या. मरणाची भाषा कुणीही केली तर वहीबिही बाजूला ठेवा, त्यांना एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात.