नदीतल्या पाणवनस्पती परत लावायच्या तर डीएनए तपासायची गरज काय?

तुम्ही विचारलंय की नदीतल्या पाणवनस्पती नाहीशा झाल्या असतील तर दुसऱ्या नदीतली रोपं उपटून आणून लावली की झालं, त्यात जनुकीय अभ्यासाचा खर्च कशाला? मी वनस्पतिशास्त्र शिकलेली, सध्या अमेरिकेत मेरीलँडला राहते. इथे पोटोमॅक नदीत आणि ती ज्याला मिळते त्या चेसापीक उपसागरात अशी लागवड चालते आणि मी तिथे स्वयंसेवक म्हणून जाते. म्हणून इथलंच उदाहरण देते.

वनस्पतीचं नाव व्हॅलिसनेरिया. बारावीला जलपरागणाचं उदाहरण म्हणून आपण ती वाचलेली असते. नर आणि मादी झाडं वेगवेगळी. बारीक नरफुलं तळाशी सुटी होऊन वर येतात आणि तरंगत मादीफुलापर्यंत पोचतात. मग मादीफुलाचा लांबलचक देठ वेटोळी घेत आखडतो आणि फळाला पाण्याखाली ओढून नेतो. हिरवी शेंग असावी तसं ते फळ चिरलं की आत बुळबुळीत गरात शेकडो बिया.

पण बी हा तिच्या पसरण्याचा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग धावत्या खोडांचा, म्हणजे तळाशी आडवं पसरत जागोजागी नवी रोपं काढणाऱ्या खोडांचा, आणि खरी गोम तिथेच आहे. केळीच्या बागेत मुनवे लावत गेलं की अख्खी बाग मुळात एकाच झाडाची असते, तसंच इथे होतं. होडीतून पाहिलं तर हिरवंगार कुरण दिसतं, पण त्यात झाडं शंभर आहेत की एकच, हे डोळ्यांनी कळत नाही. जागोजागची पानं तोडून त्यातला डीएनए तपासला तरच कळतं. मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी चेसापीक परिसरात हे केलं आणि २०११ साली निष्कर्ष छापले. काही ठिकाणी जवळपास प्रत्येक नमुना वेगळ्या झाडाचा निघाला, तर काही ठिकाणी दूरदूरचे नमुने एकाच झाडाचे.

आता समजा तुम्ही रोपं नेमकी अशा एकाच झाडाच्या कुरणातून आणलीत. ती सगळी नर असतील नाहीतर सगळी मादी. जोडीदारच नसल्यामुळे त्या जागी बी कधीच धरणार नाही. शिवाय एखाद्या उन्हाळ्यात पाणी फार तापलं, तर जे एकाला सोसणार नाही ते कुणालाच सोसणार नाही. बाल्टिक समुद्रातल्या झोस्टेरा या सागरी गवतावर असा प्रयोग झालाय. २००३ च्या कडक उन्हाळ्यात, ज्या वाफ्यांत जनुकीय वैविध्य जास्त होतं ते लवकर सावरले.

मग सगळीकडचं बियाणं एकत्र करून टाकावं का? तर तेही नाही. टेक्साससारख्या दक्षिणेकडच्या भागात व्हॅलिसनेरिया बारा महिने हिरवी राहते. उत्तरेकडे मात्र ती थंडीआधी गाळात कळ्या पुरून ठेवते आणि वसंतात त्यांतून फुटते. दक्षिणेची रोपं उत्तरेत लावली तर हिवाळ्यात त्यांचं काही खरं नाही. जवळच्या दोन ठिकाणच्या झाडांचा संकर केला तरी कधी संतती जोमदार निघते, कधी कमजोर. म्हणून कुठल्या कुरणांमध्ये पूर्वीपासून परागांची, बियांची देवाणघेवाण आहे आणि कुठली फार काळ तुटलेली आहेत, हे जनुकांवरून पाहून मगच बियाण्याची जागा ठरवावी, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट मात्र याच्याही आधीची. तळापर्यंत ऊन पोचत नसेल तर कुठलंच बियाणं तगत नाही. १९७२ च्या जूनमध्ये ॲग्नेस वादळाने इतका गाळ आणला की चेसापीकमधली कुरणंच्या कुरणं गेली. उलट वॉशिंग्टनजवळ सांडपाण्यातलं फॉस्फरस कमी केलं, त्यावर पोसणारं शेवाळ घटून पाणी निवळलं, आणि १९८३ मध्ये पोटोमॅकमध्ये पाणवनस्पती पुन्हा दिसायला लागल्या.

तुमच्याकडे तपासणीला पैसे नसतील तर निदान एवढं करा. आधी तुमच्याच नदीत वरच्या अंगाला किंवा उपनद्यांत काही तग धरून आहे का ते बघा. एकाच जागची रोपं ओरबाडू नका, लांबलांबच्या अनेक ठिकाणांहून थोडी थोडी घ्या, आणि मिळालं तर बीच घ्या, कारण प्रत्येक बी हे नवं झाड असतं. कुठलं बियाणं कुठे लावलं ते वहीत लिहून ठेवा. पुढे कधी तपासणी झालीच तर त्या नोंदींशिवाय अर्थ लावता येणार नाही.